लांब गाण्यांचा श्रोता

'फॅन' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही, ही तक्रार भाषांतराच्या तासाला विद्यार्थी दरवर्षी करतात आणि दरवर्षी आम्ही तेच चार-पाच शब्द फळ्यावर लिहून खोडतो. 'चाहता' म्हटले की निवडणुकीच्या फलकावरील वाढदिवसाच्या शुभेच्छा आठवतात. 'रसिक' हा शब्द सभागृहाच्या पहिल्या रांगेत बसून बसून झिजला आहे. 'भक्त' हा शब्द अलीकडे राजकारणाने स्वतःकडे ओढून घेतला. 'कानसेन' त्यातल्या त्यात बरा, पण तो कौतुकापेक्षा थट्टेकडे अधिक झुकतो. हा शब्द मला प्रत्यक्षात हवा असतो तो माझ्या धाकट्या मामांसाठी, आणि तो सापडत नाही म्हणून हा लेख.

मामा गुलमंडीच्या मागच्या एका गल्लीत राहतात. वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये तीस वर्षे काम करून ते २०१६ साली निवृत्त झाले. शिक्षण आयटीआयपर्यंत. इंग्रजी वर्तमानपत्र ते आजही अडखळत वाचतात. आणि हे गृहस्थ १९७९ पासून आजपर्यंत 'प्रोग्रेसिव्ह रॉक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीताचे श्रोते आहेत. इतर संगीताचे त्यांना वावडे नाही. एका भजनी मंडळात ते अनेक वर्षे टाळ धरीत, आणि भीमसेन जोशींच्या 'संतवाणी'च्या कॅसेटही घरात आहेतच. पण रविवारी दुपारी जेवण झाल्यावर जे लावले जाते ते येस, जेनेसिस, किंग क्रिमसन, जेथ्रो टल आणि पिंक फ्लॉइड. या क्रमात गेल्या पंचेचाळीस वर्षांत फारसा फरक पडलेला नाही.

हे संगीत ज्यांच्या परिचयाचे नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. साठोत्तरी काळात (हा शब्द आपल्याकडे वाङ्मयेतिहासासाठी राखून ठेवलेला आहे, पण इंग्लंडलाही साठोत्तरी काळ होताच) तिथल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांच्या गाण्याचा कंटाळा आला. तीन मिनिटे ही मर्यादा कलेची नव्हती. ती जुन्या तबकडीच्या एका बाजूला मावणाऱ्या ध्वनीची आणि पुढे रेडिओच्या सोयीची होती. लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूला वीसेक मिनिटे मिळत होती, आणि ती सलग वापरावी असे या मंडळींना वाटू लागले. किंग क्रिमसनची पहिली तबकडी १९६९ च्या ऑक्टोबरात आली. १९७२ मध्ये 'येस'ने अठरा मिनिटांहून मोठे एकच गाणे तबकडीच्या एका बाजूवर घातले. त्यामागे हेर्मान हेसेच्या 'सिद्धार्थ'चे वाचन होते. त्याच वर्षी जेनेसिसने सात भागांची तेवीस मिनिटांची रचना केली. आणि जेथ्रो टलने तर सगळ्यांवर ताण करून 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' ही एकच रचना दोन्ही बाजूंवर, चव्वेचाळीसेक मिनिटे, पसरून ठेवली. हिचे शब्द जेराल्ड बोस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या बालकवीने लिहिले आहेत, असे वेष्टनावर छापले होते. वेष्टन म्हणजे बारा पानांचे एक बनावट गावठी वर्तमानपत्रच होते. त्यात बातम्या होत्या, जाहिराती होत्या, कोडी होती. बालकवी अर्थातच काल्पनिक. शब्द गायक इअन अँडरसनचे. आपल्याकडील टोपणनावांच्या परंपरेचा अभ्यास करणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा पाहायला हरकत नाही.

१९७२ हे वर्ष इथे थोडे अडवते. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला ते 'गोलपिठा'चे वर्ष म्हणून पाठ असते. मराठवाड्यातील माणसाला ते दुष्काळाचे वर्ष म्हणून आठवते. मामा तेव्हा चौदा वर्षांचे होते आणि गावाकडे दुष्काळी कामावर खडी फोडत होते. मिलोच्या भाकरी आणि सुकडी, एवढेच त्या वर्षाचे त्यांचे वर्णन असते. अधिक विचारले तर ते विषय बदलतात. पुढच्या वर्षी आजोबा गुलमंडीवर एका कापड दुकानात दिवाणजी म्हणून लागले आणि घर शहरात आले. म्हणजे इंग्लंडमध्ये बारा पानी विनोदी वर्तमानपत्र वेष्टन म्हणून छापले जात होते तेव्हा त्याचा हा भावी वाचक कुठे होता, हे मला ते वेष्टन हातात घेताना दर वेळी जाणवते. त्यांना जाणवते की नाही, ते सांगता येत नाही.

ते या संगीताकडे आले ते पुण्याहून. १९७९ मध्ये पिंपरीला अप्रेंटिस म्हणून असताना त्यांच्या खोलीत एक गोव्याचा मुलगा होता, त्याच्याकडे टेपरेकॉर्डर होता. रात्रपाळीवरून आल्यावर झोप येईपर्यंत तो पिंक फ्लॉइड लावी. मामांच्या म्हणण्यानुसार पहिले दोन महिने त्यांना ते केवळ आवाज वाटले. मग एके दिवशी लक्षात आले की, या गाण्यात नाण्यांचा आणि गल्ल्याचा जो खणखणाट सुरुवातीला येतो तो नुसता येत नाही, तालात येतो. आणि तो ताल सात मात्रांचा आहे. टाळ धरणाऱ्या माणसाने तो बोटांवर मोजला, तीन-दोन-दोन, आणि त्याला रूपक सापडला. 'मनी' या गाण्याविषयी पुढे मी जे वाचले त्यात हेच होते: सात ठोक्यांचे आवर्तन, नाण्यांचे आवाज फितीवर घेऊन, फीत कापून, जोडून तयार केलेले, त्यातली काही नाणी रॉजर वॉटर्सने बायकोच्या कुंभारकामाच्या वाडग्यात टाकून ध्वनिमुद्रित केली होती. गिटारचा एकल भाग सुरू होतो तिथे गाणे चार मात्रांत जाते. हे मामांना कोणी सांगितले नव्हते. त्यांच्या वहीत त्या जागी 'इथे रूपक सुटतो' असे लिहिलेले आहे.

या वहीबद्दल पुढे येणारच आहे. आधी गुलमंडी.

पैठण गेटवरून टिळक पथाने चालत आले की सुपारी हनुमानाच्या अलीकडे-पलीकडे जी गर्दी लागते ती गुलमंडी. नाव फुलांच्या बाजाराचे, व्यवहार प्रामुख्याने कापडाचा. मी शाळेत होते तेव्हा, म्हणजे १९९३-९४ च्या सुमारास, इथल्या एका बोळात कॅसेटचे एक छोटे दुकान होते. पुढे 'हम आपके हैं कौन' आणि भक्तिगीते; मागे, काउंटरच्या खाली, एका खोक्यात इंग्रजी. पिंक फ्लॉइडच्या कॅसेट आपल्याकडे एचएमव्ही काढीत असे, त्यामुळे त्या मिळत. बाकीच्यांसाठी मुंबई-पुण्याला जाणाऱ्या कोणाला तरी सांगावे लागे, आणि बहुतेक वेळा मिळे ती कोणीतरी कोऱ्या कॅसेटवर भरून दिलेली प्रत. दुकानदार मामांना ओळखत असे व 'तुमचं लांबवालं आलंय' असे सांगत असे. मी एकटी तिथे गेलेली त्याला फारसे आवडत नसे. मुलींनी काउंटरच्या पुढच्या कॅसेट घ्याव्यात अशी त्याची समजूत असावी. या संगीताच्या श्रोत्यांविषयी जे काही लिहिले गेले आहे त्यात हा श्रोता जवळजवळ नेहमी पुरुष असतो. गुलमंडीपुरते तरी त्याचे एक कारण काउंटरची उंची हे होते.

कोऱ्या कॅसेटचेही एक शास्त्र होते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. 'डार्क साइड ऑफ द मून' त्रेचाळीस मिनिटांच्या आत संपते आणि 'विश यू वेअर हिअर' चव्वेचाळीसच्या आसपास, म्हणजे १९७३ आणि १९७५ पाठीला पाठ लावून एका कॅसेटमध्ये बसतात. माझ्या डोक्यात या दोन कृती आजही एकाच ग्रंथाचे दोन खंड आहेत, आणि हा संबंध संपूर्णपणे कॅसेट बनवणाऱ्या कंपनीने निर्माण केलेला आहे. पाठचिकित्सा शिकवताना हस्तलिखितांच्या एकत्र बांधणीमुळे दोन स्वतंत्र रचना परंपरेत जोडल्या गेल्याची उदाहरणे मी देते, तेव्हा मनात ही कॅसेट असते; वर्गात मात्र ती सांगत नाही.

रविवारच्या या ऐकण्याला मामी 'पारायण' म्हणते. तिने ते चिडून म्हणायला सुरुवात केली, पण शब्द अचूक आहे. मधूनच एखादे आवडते गाणे लावणे, पुढे पळवणे, निम्म्यावर उठणे हे मामांना चालत नाही. बाजू सुरू केली की संपवायची. मधे वीज गेली, आणि २००५ ते २०१० च्या काळात ती तासन्‌तास जात असे, तर सेल घालायचे. सेल उतरलेले असले की फीत मंदावे आणि सगळा स्वर हळूहळू खाली येत जाई. तेही ते शेवटपर्यंत ऐकत. पोथी वाचणारा प्रत्येक ओवीचा अर्थ दर वेळी लावत नाही. क्रम न मोडणे आणि अध्याय पुरा करणे यालाच तिथे महत्त्व असते. मामांचे ऐकणे या जातीचे आहे. फरक एकच: पारायणाला फलश्रुती असते. संतती, संपत्ती, रोगनाश, काहीतरी शेवटी कबूल केलेले असते. इथे तसे काही नाही, आणि मामी याच मुद्द्यावर त्यांना अडवते.

'येस'च्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' या १९७३ च्या जोडतबकडीचा विषय काढल्याशिवाय हे पुरे होणार नाही, कारण या एका कृतीवरून आमच्या दोघांत गेली पंचवीस वर्षे मतभेद आहे. गायक जॉन अँडरसन याने परमहंस योगानंदांच्या 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी'तील एक तळटीप वाचली. तिच्यात शास्त्रांचे चार विभाग सांगितले होते: श्रुती, स्मृती, पुराणे आणि तंत्रे. त्याने चार बाजूंसाठी चार विभाग घेतले आणि एक्क्याऐंशी मिनिटांची रचना केली. एका तळटिपेवरून! आपल्याकडे संशोधक तळटिपा लिहितात आणि त्या कोणी वाचत नाही. ही कृती तिच्या चाहत्यांनाही दोन तट पाडणारी ठरली. खुद्द त्यांचा कीबोर्डवादक रिक वेकमन याला ती इतकी पसरट वाटे की मँचेस्टरच्या एका मैफलीत वाजवता वाजवता त्याने मागवलेली करी तिथेच बसून खाल्ली, असे त्यानेच नंतर सांगितले आहे. पुढे तो गट सोडून गेला. (भारतीय शास्त्रांवरील रचना चालू असताना इंग्रज वादकाने मंचावर भारतीय पद्धतीचे कालवण खावे, यातला विनोद तिथल्या समीक्षकांच्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे.)

माझे मत वेकमनसारखे आहे. पहिली बाजू उत्तम, चौथीचा बराच भाग उत्तम, मधल्या दोन बाजूंत अवकाश आहे म्हणून भरला आहे. दीर्घकविता शिकवताना मी हा दोष नेहमी दाखवते: लांबी ही आशयाची गरज असावी, ती प्रतिष्ठेची खूण झाली की रचना सुजते. मामांना हे मान्य नाही. त्यांच्या मते चार बाजूंतून दोन काढल्या तर पहिली चांगली आहे हेसुद्धा कळणार नाही. त्यांच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर एका बाजूला श्रुती-स्मृती आणि दुसऱ्या बाजूला पुराण-तंत्र असे त्यांनी शाईने लिहिले आहे, आणि वर्षातून एकदा, बहुधा दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी, ते ती पूर्ण ऐकतात. मी हजर असले तर मधल्या चाळीस मिनिटांत पेपर तपासते.

आता वही. दोनशे पानी, दोरीने बांधलेली, १९८१ पासूनची. तिच्यात मामांनी गाण्यांचे शब्द देवनागरीत उतरवून घेतले आहेत. छापील शब्द समोर नव्हते, म्हणून कानाला जसे आले तसे. कुठे तीन शब्दांचा एक झाला आहे, कुठे इंग्रजी स्वराघात दीर्घ वेलांटीने दाखवले आहेत, कुठे नुसती रेघ ओढून वर 'कळत नाही' असे लिहिले आहे. अर्थाचे रकाने नाहीतच. समासात मात्रा मोजलेल्या आहेत: पाच, सात, नऊ, तेरा. 'डार्क साइड'मधल्या ज्या गाण्यात क्लेअर टॉरी शब्दांवाचून केवळ आवाजाने गाते त्या पानावर एकच शब्द आहे: 'आलाप'. या आलापासाठी तिला १९७३ च्या जानेवारीत तीस पौंड मिळाले होते. सहरचनाकार म्हणून तिचे नाव लागायला २००५ साल उजाडले, तेही ती न्यायालयात गेल्यावर. लेखकत्व कोणाचे, हा प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात फ्रेंच विचारवंतांच्या नावाने येतो; मामांच्या वहीने तो एका शब्दात नोंदवून ठेवला होता.

एम.ए.ला असताना मी या वहीकडे विद्यार्थ्याच्या उत्साहाने पाहत असे, आणि आमच्या वर्तुळात हे संगीत ऐकते असे सांगणे तितकेसे सोपे नव्हते. आमचे विद्यापीठ म्हणजे जिथे सत्तरच्या दशकात भालचंद्र नेमाडे शिकवत होते ते. मी तिथे पोचले तोवर ते कधीच निघून गेले होते, पण देशीवाद तिथेच राहिला होता, आणि वसतिगृहाच्या कट्ट्यावर त्याची जी आवृत्ती चाले ती 'टीकास्वयंवर'मधल्या मांडणीपेक्षा पुष्कळच भरड होती. परकीय रूपांचा हव्यास हा न्यूनगंड. आपल्या मातीतले सोडून हे ऐकणारा उपरा. एवढ्यावर चर्चा संपे. एका मित्राने मला सरळ विचारले होते की, बहात्तरला खडी फोडलेल्या माणसाने इंग्रजांच्या मुलांचे हे चोचले का ऐकावेत? प्रश्न लागला. तो मी तसाच मामांपर्यंत नेला. ते कॅसेटचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसत होते. म्हणाले, "खडी फोडली म्हणून काय जन्मभर गोंधळच ऐकायचा का? गोंधळ पण ऐकतो की मी."

त्या प्रश्नात एक गृहीत होते: कष्टाचा माणूस आपल्या अभिरुचीचा मालक नसतो, ती त्याला परिस्थितीने दिलेली असते. हे गृहीत देशीवादाचे आहे असे मी म्हणणार नाही. नेमाड्यांचा रोख उधार घेतलेल्या प्रतिष्ठेवर होता, आणि तो खराच आहे. इंग्रजी गाणी ऐकतो म्हणून वरचढ वागणारी माणसे मीही पाहिली आहेत. पण मामांना या ऐकण्यातून प्रतिष्ठा कधी मिळालीच नाही. कारखान्यात चेष्टा झाली, भजनी मंडळात 'हे आमचे साहेब' म्हणून हसले गेले, आणि इंग्रजी चांगले येणाऱ्या मंडळींत त्यांचे उच्चार ऐकून लोक एकमेकांकडे पाहत. उधारीचा आरोप करायचा तर काहीतरी हाती लागलेले दाखवावे लागेल.

कोलटकरांचे उदाहरण मी तेव्हा देत असे, आजही देते. अरुण कोलटकर पखवाज शिकले आणि १९७३ च्या सुमारास इंग्रजीत गाणी लिहून त्यांनी ती ध्वनिमुद्रितही केली. अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी संपादित केलेल्या 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' (२००९) या पुस्तकात संगीतासाठी लिहिलेल्या शब्दांचा वेगळा विभागच आहे. त्यांची ओढ ब्लूज आणि रॉककडे होती, मामांच्या लांब गाण्यांकडे नव्हे, हे खरे. तरीही पखवाज आणि गिटार एकाच माणसाच्या हातात असू शकतात आणि त्याच्या मराठीला त्याने काही इजा होत नाही, एवढे त्यावरून म्हणता येते. मात्र कोलटकर कवी होते. त्यांनी जे ऐकले त्यातून काही लिहिले. मामांनी काहीच केले नाही. केवळ ऐकले. समीक्षेकडे अशा माणसासाठी जागा नाही. वाचकप्रतिसादाच्या सिद्धांतातला वाचकसुद्धा शेवटी प्रतिसाद 'देतो'. त्याच्याकडून आपण लेख, मुलाखत, प्रश्नावली मागतो.

या संगीताला त्याच्या जन्मभूमीतही सुखाचे दिवस थोडेच मिळाले. १९७६-७७ मध्ये पंक आले आणि लांब गाणी ही श्रीमंती खुळे ठरली. सेक्स पिस्टल्सचा गायक पिंक फ्लॉइडच्या नावावर 'मला तिटकारा आहे' असे लिहिलेला सदरा घालून फिरला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. त्याच माणसाने १९७७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या रेडिओवर आवडीची गाणी लावताना व्हॅन डर ग्राफ जनरेटर या प्रोग्रेसिव्ह गटाच्या पीटर हॅमिलची गाणी निवडली, ही तितकीशी नाही. समीक्षकांनी हा प्रकार नंतर जवळजवळ वीस वर्षे विनोदाचा विषय म्हणून वापरला. श्रोते मात्र गेले नाहीत. मॅरिलियन या नंतरच्या गटाच्या अमेरिकेतील श्रोत्यांनी १९९७ मध्ये आपसांत साठ हजार डॉलर जमवून त्यांचा दौरा घडवून आणला. २००१ मध्ये तर त्या गटाची तबकडी ध्वनिमुद्रित होण्याआधीच बारा हजारांहून अधिक लोकांनी तिचे पैसे भरले. आपल्याकडील प्रकाशनपूर्व सवलत आणि 'ग्रंथाली'ची वाचक चळवळ ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही: बाजाराने पाठ फिरवल्यावर वाचकच प्रकाशक होतो. मामांना हे मी सांगितले तेव्हा त्यांना मॅरिलियन हे नावही ठाऊक नव्हते. त्यांचे ऐकणे १९७७ च्या 'अ‍ॅनिमल्स'नंतर जवळजवळ थांबलेले आहे. 'द वॉल' त्यांना रडका वाटतो.

म्हणून २००७ च्या फेब्रुवारीत रॉजर वॉटर्स मुंबईला येऊन 'डार्क साइड' संपूर्ण वाजवणार, अशी बातमी मी त्यांना दिली तेव्हा ते येतील की नाही याची मला खात्री नव्हती. आदल्या रात्रीच्या देवगिरीने आम्ही गेलो. मैदानावर आमच्या भोवती होती ती बहुतांशी पंचविशीची, आयटीत काम करणारी मुले. सगळ्यांना सगळे शब्द येत होते आणि सगळे गात होते. एकोणपन्नास वर्षांचे मामा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हाताची घडी घालून उभे होते. गाणाऱ्या गर्दीचा त्यांना त्रास होत होता हे मला दिसत होते. 'मनी' सुरू झाले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची बोटे हलू लागली. परतीच्या गाडीत मी विचारले, कसे वाटले? थोडा वेळ गेल्यावर म्हणाले, "लोक फार बोलतात." मग, "त्यानं रूपक नीट धरला." पिंक फ्लॉइड २००५ च्या जुलैत लंडनला एकदाच एकत्र आला होता, रिक राईट पुढे २००८ मध्ये गेला, आता ते चौघे एकत्र दिसणे कधीच शक्य नाही, ही हळहळ मला होती, त्यांना नव्हती. ज्यांची छायाचित्रेही त्यांनी फारशी पाहिली नव्हती त्या माणसांना भेटायला ते मुंबईला गेलेच नव्हते.

त्यानंतर चारेक वर्षांनी मामी म्हणू लागली की घरात टेपचा आवाज फार वाढला आहे. शेजारीही बोलले. तपासणीत निघाले की दोन्ही कानांचे वरच्या कंप्रतेचे ऐकणे बरेच गेले आहे. डॉक्टरांनी काढलेला आलेख मी पाहिला: डावीकडून येणारी रेषा चार हजार हर्ट्‌झपाशी एकदम खड्ड्यात उतरत होती. सततच्या गोंगाटाने जाणारा कान आधी तिथेच जातो, हे आलेख पाहून डॉक्टर न विचारताच ओळखतात. प्रेस शॉपमध्ये पत्र्यावर प्रेस पडते तेव्हाचा दणका ज्यांनी ऐकला आहे त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. नियमाने आठ तासांसाठी नव्वद डेसिबलची मर्यादा आहे. कानात घालायचे बोळे मिळत, पण ते घातले की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही आणि बोट जाते, म्हणून बहुतेक जण घालत नसत, मामाही नाही. ज्या पगारातून कॅसेट आल्या त्याच पगारातून हे आले. याबद्दल त्यांनी कधी कोणाकडे तक्रार केली नाही आणि कोणी भरपाईही दिली नाही. मला याचा राग आहे. तो त्यांना अनावश्यक वाटतो.

चार हजारांच्या वर काय असते? झांजांची किनार असते. व्यंजने असतात, विशेषतः 'स' आणि 'फ'. मेलोट्रॉनचा खरखरीत श्वास, बासरीत फुंकर मारल्याचा आवाज, बोट तारेवरून घसरल्याचा आवाज. म्हणजे 'जेथ्रो टल' ज्याच्यामुळे जेथ्रो टल आहे त्यातले बरेच काही. श्रवणयंत्र आहे, पण ते बोलण्यासाठी बनवलेले आहे. संगीतात ते चिरकते, म्हणून रविवारी ते काढून डबीत ठेवले जाते. आणि तरी बाजू लागतेच. मी एकदा विचारले की, मामा, आता तुम्हाला नेमके काय ऐकू येते? त्यांनी मोकळेपणाने सांगितले. ढोल येतो, बेस येतो, गाणाऱ्याचा आवाज जाड होऊन येतो. झांज येत नाही, पण ती कुठे पडते ते ठाऊक आहे, त्यामुळे तिथे ती पडतेच. "आधी भरपूर ऐकून ठेवलंय ना," ते म्हणाले.

मी या उत्तरापुढे बराच काळ थबकले होते. अंध वाचकाला पाठ असलेली पोथी 'वाचता' येते असे आपण म्हणतो, ते कौतुकाने. प्रत्यक्षात तो काय करत असतो याचा विचार करत नाही. मामांच्या ऐकण्यात आज निम्मे बाहेरून येते आणि निम्मे १९८१ ते २००५ या काळातून. ही बेरीज बिनचूक असते का? एकदा मी पाहिले. 'क्लोज टू द एज'ची सुधारित ध्वनिमुद्रणाची प्रत मी त्यांना ऐकवली, जिच्यात मागची काही वाद्ये पुढे आलेली आहेत. त्यांना ती पूर्वीसारखीच वाटली. पुढे आलेले त्यांना ऐकू गेले नाही, आणि गेलेले त्यांनी आपल्याकडून भरून काढले. संहिता बदलली तरी त्यांची प्रत बदलत नाही.

मोबाइलवर हे सगळे आता फुकट मिळते. माझी मुलगी त्यावर ऐकते. तिला येसचे अठरा मिनिटांचे गाणे आवडते, टल आवडत नाही, आणि मधेच थांबवून उरलेले उद्या ऐकण्यात तिला काही गैर वाटत नाही. मामा तिच्यावर रागावत नाहीत. टेपरेकॉर्डरचे रबरी पट्टे मात्र मिळेनासे झाले आहेत; पूर्वी ज्या माणसाकडे मिळत त्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरे आहेत. गेल्या वर्षी त्यांनी शिवणयंत्राचा जुना पट्टा कापून, जोडून एक बसवला. वेग किंचित जास्त येतो, अर्ध्या स्वराइतका. त्यांना तो कळतो. स्वर वर चढल्याचे त्यांनीच मला सांगितले.

वहीचे छायाचित्रण करून ठेवावे असे मी सुचवले तेव्हा त्यांनी हरकत घेतली नाही. त्याच बैठकीत मी म्हटले की छापील शब्द आता सहज मिळतात, रेघा ओढलेल्या आहेत तिथे ते भरून टाकू, 'कळत नाही' आहे तिथेही. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, एक-दोन पाने उलटली आणि दोरी बांधली. "राहू दे तसंच," म्हणाले. "ते मला कळलं नव्हतं, हे कुठंतरी लिहिलेलं असू दे." एकूण एकशे चौसष्ट पाने भरलेली आहेत. उरलेली छत्तीस कोरी आहेत, त्यांची छायाचित्रेही मी घेतली.